क्रॉसचं बटण कोणाच्या हातात?

चि. बायो,



तुझा लांबलचक मेसेज वाचला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही चौघांनी लिनक्सवरच्या वेलँडचा कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, लिहायला घेतलात आणि लगेच दोन तट पाडून बसलात, हे वाचून हसू आलं. विंडोच्या डोक्यावरची पट्टी, तिच्यावरचं नाव, मिनिमाइझ-मॅक्सिमाइझ-क्रॉसची बटणं, कडेची बॉर्डर, भोवतीची सावली, हा सगळा सरंजाम ज्याच्या त्या ॲपने काढायचा की तुमच्या कंपोझिटरने? ‘आत्या, तू निकाल दे आणि भांडण मिटव’ असं लिहिलंयस. भांडण काही मिटणार नाही. ज्यांनी लिनक्सचे मोठे डेस्कटॉप उभे केले त्यांचंच ते अजून मिटलेलं नाही, आणि तिथे दोन्हीकडे माझ्यापेक्षा कितीतरी जाणती माणसं आहेत. पण कौल मागितलायस तर देते. त्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण तुमच्या वादात एक गोष्ट कुणीच धरलेली दिसत नाही: पट्टी कोण रंगवतं आणि पट्टीवरचं बटण कोणाच्या हुकमात असतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तुम्ही थेट वेलँडपासून सुरुवात केलीत, म्हणून त्याच्या आधीच्या एक्सची हकिगत आधी. एक्स विंडो सिस्टिम 1984 मध्ये एमआयटीत सुरू झाली, प्रोजेक्ट अथेनाच्या आसऱ्याने. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस ही त्यातली मुख्य नावं. आपण जिला एक्स-इलेव्हन म्हणतो ती आवृत्ती 1987 ची. त्या लोकांनी एक पथ्य कसोशीने पाळलं: पडदा सांभाळणाऱ्या सर्व्हरने साधनं पुरवायची, धोरण ठरवायचं नाही. विंडो कशी दिसावी, कुठे उघडावी, तिला पट्टी असावी का, हे सगळं धोरण. तेव्हा तुमच्यातला जो तट ‘पूर्वी सर्व्हर काढायचा, तेच बरं होतं’ म्हणतोय, त्याला सांग की एक्सच्या सर्व्हरने टायटल बार कधीच काढला नाही. ते काम विंडो मॅनेजर नावाच्या तिसऱ्याच प्रोग्रामचं, आणि सर्व्हरच्या लेखी तोही इतरांसारखा एक क्लायंटच.

हे चालायचं कसं, ते बघण्यासारखं आहे. विंडो मॅनेजर सुरू होताच सर्व्हरकडे एक हक्क मागतो: रूट विंडोखाली, म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या पडद्याएवढ्या विंडोखाली, कुणीही नवी विंडो दाखवू पाहिली तर आधी मला विचारा. हा हक्क एका वेळी एकालाच मिळतो. एक विंडो मॅनेजर चालू असताना दुसरा चालवून बघ, तो कुरकुर करून बाहेर पडेल, ते ह्यामुळेच. आता समज तू टर्मिनल उघडलंस. टर्मिनल म्हणतं, ‘मला दाखव.’ सर्व्हर दाखवत नाही, निरोप विंडो मॅनेजरकडे वळवतो. विंडो मॅनेजर जरा मोठ्या मापाची स्वतःची एक विंडो तयार करतो, तिच्यावर पट्टी आणि बटणं काढतो आणि टर्मिनलची विंडो रूटवरून उचलून आपल्या विंडोच्या पोटात ठेवतो. ह्याला रीपेरेंटिंग म्हणतात. टर्मिनलला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, ते आपलं आतल्या चौकोनात अक्षरं काढत बसतं. विंडो मॅनेजर मध्येच कोसळला तर काय, ह्याचाही विचार केलेला आहे. पोटात घेतलेल्या विंडोंची नोंद सर्व्हरकडे असते, आणि मॅनेजर गेला की सर्व्हर त्या परत रूटवर आणून ठेवतो. पट्ट्या जातात, काम वाचतं.

आता क्रॉसचं बटण. पट्टी विंडो मॅनेजरच्या विंडोवर आहे, म्हणून तुझा क्लिक त्याच्याकडे जातो, ॲपकडे नाही. तो ॲपला निरोप पाठवतो: बंद व्हा. ॲप शहाणं असेल तर ‘सेव्ह करू का’ असं विचारून बंद होतं. हा निरोप ज्याला कळतच नाही अशा जुन्या प्रोग्रामचं कनेक्शन तो सरळ तोडू शकतो. आणि ॲप हँग झालं असेल तर? पुढे त्यासाठी पिंगची पद्धत आली. मॅनेजर विचारतो, आहेस का? उत्तर आलं नाही तर तुझ्यासमोर डायलॉग येतो: हा प्रोग्राम उत्तर देत नाही, सक्तीने बंद करू? ह्या सगळ्या व्यवहारात अडकलेल्या ॲपची काडीची मदत लागत नाही. पट्टी धरून ती विंडो बाजूला सरकवता येते, खाली पाडता येते, मारता येते. पत्रातलं बाकी काही विसरलीस तरी एवढं ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

पट्टी एकाच जागी निघते ह्याचा दुसरा अर्थ असा की ती एकाच जागी बदलता येते. 2010 च्या एप्रिलमध्ये उबुंटू 10.04 आली तेव्हा ती काढणाऱ्या कॅनॉनिकलने बटणं उजवीकडून उचलून डावीकडे नेली. केवढा गदारोळ उठला! कॅनॉनिकलच्या मार्क शटलवर्थना लोकांनी धारेवर धरलं. पण ज्यांना तो बदल नको होता त्यांनी मेटासिटी ह्या विंडो मॅनेजरच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली की झालं. सगळ्या विंडोंची बटणं एका दमात परत उजवीकडे. स्वतःची पट्टी स्वतः काढणाऱ्या क्रोमला मात्र ती सेटिंग वेगळी वाचून आपली बटणं हलवण्याचा कोड लिहावा लागला. त्या वेळी असे प्रोग्राम विरळा होते, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

ह्यात आपल्या मराठीचंही एक प्रकरण आहे. एक्समध्ये विंडोचं नाव ही नुसती एक मजकुराची ओळ असते. ॲप ती देऊन मोकळं होतं, अक्षरं काढतो विंडो मॅनेजर. जुन्या टीडब्ल्यूएमसारख्या मॅनेजरांकडे सर्व्हरचे साधे फॉन्ट असायचे: एका कोडला एक आकृती, आली की ठेव, पुढची आली की तिच्या शेजारी ठेव. ‘विद्यार्थी’ घे. पहिली वेलांटी व च्या आधी जायला हवी, द आणि य जोडले जायला हवेत, र चा रफार होऊन थ च्या डोक्यावर बसायला हवा. शेजारी शेजारी ठेवण्याच्या पद्धतीत ह्यातलं एकही होत नाही. आत कागदावर शुद्ध देवनागरी आणि वर पट्टीवर सुटी सुटी हाडं, असं दृश्य त्यातून निघायचं. मेटासिटीसारखे मॅनेजर नाव काढायला पँगो ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरू लागले आणि पँगोला जोडाक्षरांची समज होती, तेव्हा ते एका ठिकाणी दुरुस्त झालं आणि सगळ्या विंडोंच्या डोक्यावर दुरुस्त दिसू लागलं. 2004 मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट खुले केले, त्यांची पुढची बरीच डागडुजी इथे पुण्यात बसून झाली, तीही अशीच एकदा करून सगळीकडे पोचली. तुझ्या मित्रांना वाटतं तशी पट्टी म्हणजे रंगाचा आयत नाही. तिच्यात नाव असतं, आणि नाव कोणत्याही लिपीत असू शकतं.

एवढं सगळं गोमटं होतं तर लोकांनी बदललं का? ह्या पद्धतीत एका चौकटीवर दोन हात चालायचे. कोपरा धरून विंडो मोठी केलीस की बाहेरची चौकट विंडो मॅनेजर लगेच वाढवणार, आतला मजकूर ॲप सवडीने काढणार, आणि मधल्या क्षणात नव्या जागेत काळा पट्टा किंवा जुन्या चित्राचा गाळ दिसणार. दोघांनी ताळमेळ राखावा म्हणून पुढे एक प्रोटोकॉल जोडला गेला, पण तो पाळणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. डोळ्याला ते लखलखणं खुपायचं. आणि एक्सचं आतलं घर तोवर इतकं गुंतागुंतीचं झालं होतं की एक खिळा काढायला भिंत हलावी.

2008 मध्ये क्रिस्टियान ह्योग्सबर्ग ह्या रेड हॅटमधल्या डॅनिश इंजिनिअरने वेलँड सुरू केलं. नाव मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं. शेजारच्या गावाचं नाव, वेस्टन, नमुन्याच्या कंपोझिटरला मिळालं. वेलँडचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: पडद्यावर अर्धवट चित्र कधीच दिसू नये. ॲपने स्वतःच्या मेमरीत चित्र पूर्ण करावं, मग तो बफर कंपोझिटरच्या स्वाधीन करावा. कंपोझिटरला आतलं काही कळत नाही. त्याच्यापुरते ते पिक्सेल. ह्या मांडणीत पट्टीही त्याच बफरमध्ये काढली तर चौकट आणि मजकूर एकाच झटक्यात बदलतात, मागेपुढे व्हायचा प्रश्नच उरत नाही. वेस्टनबरोबर जे नमुन्याचे प्रोग्राम यायचे ते आपापली पट्टी आपणच काढायचे. मूळ प्रोटोकॉलमध्ये पट्टीबद्दल शब्द नव्हता. ज्याला हवी त्याने काढा, असा मामला.

इथे तुमच्या ॲपवाल्या तटाला एक सांगायला हवं. मागेपुढे होण्याचा तो मुद्दा आता तितकासा टिकत नाही. तुम्ही विंडोंसाठीचा एक्सडीजी-शेल प्रोटोकॉल वापरताय ना? त्यात कंपोझिटर ॲपला नवं माप एका क्रमांकासह पाठवतो, ॲप त्या क्रमांकाची पोच देतं आणि मग नवा बफर लावतं. ज्या क्षणी तो बफर येतो त्या क्षणी कंपोझिटरने आपली चौकटही त्या मापाची केली की दोन्ही एकाच फ्रेममध्ये पडद्यावर जातात. म्हणजे दोन हात असूनही ताल एक. वेलँडमध्ये कंपोझिटरने पट्टी काढली तर एक्ससारखी लखलख होईल, हे कुणी तुला सांगत असेल तर ऐकून सोडून दे.

ॲपवाल्यांचा खरा वजनदार मुद्दा दुसराच आहे, जागेचा. 2010 च्या आसपास स्वस्त लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768 चा असायचा. धर टायटल बारला तीस पिक्सेल, त्याखाली मेनूला पंचवीस, त्याखाली टूलबारला चाळीस. म्हणजे उंचीचा आठवा हिस्सा कामाचं एक अक्षर दिसण्याआधीच खर्ची पडला, आणि त्यातल्या पहिल्या पट्टीत एक नाव आणि तीन बटणं सोडून सगळा मोकळा माळ. 2008 मध्ये क्रोम आलं तेच टॅब त्या माळावर चढवून. ग्नोम डेस्कटॉपच्या लोकांनी 2013 मध्ये आपल्या जीटीके टूलकिटच्या 3.10 आवृत्तीबरोबर हेडरबार आणला: शोधाचं बटण, मागे जायचा बाण, मेनू, सगळं टायटल बारमध्येच. 2018 च्या सुरुवातीला त्यांनी इतर प्रोग्रामांनीही हे करावं म्हणून मोहीमच काढली, आणि त्याच वर्षी फायरफॉक्सही लिनक्सवर टॅब वर घेऊन गेला. हे कंपोझिटरला करता येणार नाही. त्याला काय माहीत की ह्या ॲपच्या पट्टीत शोधाचं खोकं हवं? केडीई ह्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या बाजूने 2014 च्या सुमारास एक कल्पना आली होती, की ॲपने आपल्याला पट्टीत काय हवं त्याचं नुसतं वर्णन पाठवावं आणि चित्र कंपोझिटरने काढावं. कल्पना मला आवडली होती. पण प्रत्येक बटणासाठी दोन टूलकिटांचं एकमत घडवायचं म्हणजे काय, ते तुमचं चौघांचं बघितलं तरी कळतं. ती काही रुजली नाही.

सावलीचं थोडक्यात. ॲप स्वतः सावली काढतं तेव्हा बफर दिसणाऱ्या विंडोपेक्षा मोठा लागतो. 800 बाय 600 ची विंडो आणि चारी बाजूंना पंचवीस पिक्सेल सावली म्हटली तर बफर 850 बाय 650 चा. पिक्सेलला चार बाइट धरून 19 लाख 20 हजार बाइटच्या जागी 22 लाख 10 हजार, पंधरा टक्के जास्त. खरी विंडो आतल्या कुठल्या चौकोनात आहे हे ॲपला वेगळं कळवावं लागतं, नाहीतर कडेला चिकटवलेल्या दोन विंडोंमध्ये सावलीएवढी फट राहते. तुमच्याकडे तशी फट दिसली तर बग तुमच्याच कोडमध्ये शोधा. तुम्ही बहुतेक ती भूमिती वाचायला विसरला असाल.

आता केडीईची बाजू. केविन ह्या तिथल्या कंपोझिटरचे त्या काळचे मुख्य कर्ते मार्टिन ग्रेसलिन ह्यांनी ही बाजू वर्षानुवर्षं लावून धरली. त्यांचं म्हणणं साधारण असं: कोणतं बटण कुठे, अक्षर केवढं, पट्टीच ठेवायची की नाही, हे वापरणाऱ्याने एकदा ठरवलं की सगळ्या विंडोंनी पाळावं, आणि ॲप अडकलं तरी विंडो वापरणाऱ्याच्या ताब्यात राहावी. ज्याची नजर अधू आहे आणि ज्याने बटणं मोठी करून घेतली आहेत, त्याला चार टूलकिटांच्या चार सेटिंग शोधायला लावणं मलाही अन्यायाचं वाटतं. स्वेसारख्या टायलिंग कंपोझिटरचं दुखणं निराळं. तिथे विंडो फरशांसारख्या बसवलेल्या असतात, सरकवायच्या नसतात, कंपोझिटर स्वतःची एक बारीक ओळ काढतो, आणि तरी ॲप आपली जाडजूड पट्टी मिरवत येतं.

ॲप आणि कंपोझिटर ह्या दोघांत बोलणं व्हावं म्हणून 2018 मध्ये एक्सडीजी-डेकोरेशन नावाचा प्रोटोकॉल आला. तो तुम्ही वाचा, छोटा आहे. ॲप विंडो तयार करतं, तिच्यासाठी डेकोरेशनचं एक ऑब्जेक्ट मागतं, हवं तर सांगतं की पट्टी माझी मी काढेन किंवा तुम्ही काढा. कंपोझिटर उत्तर देतो, आणि शेवटचा शब्द कंपोझिटरचा. ॲपने पट्टीबद्दल काहीच विचारलं नाही तर ते आपलं आपण काढणार असं धरायचं. एक बारकावा सांभाळा: प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीत ते ऑब्जेक्ट पहिला बफर लावण्याआधी मागायला हवं, उशीर केला तर प्रोटोकॉल एरर. केविनने तो घेतला, कंपोझिटर बांधायच्या डब्ल्यूएलरूट्स लायब्ररीने घेतला, म्हणजे तिच्यावर बांधलंत तर तुम्हाला तो जवळजवळ फुकटात मिळतोय. ग्नोमच्या मटरने घेतला नाही.

ग्नोमच्या लोकांना मी हटवादी म्हणणार नाही, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हा प्रोटोकॉल ऐच्छिक आहे. कंपोझिटरने तो द्यायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे प्रत्येक ॲपला स्वतःची पट्टी काढता यायलाच हवी. मग काढा की. शिवाय कंपोझिटरच्या पोटात चित्र काढायचं टूलकिट कोंबलं तर तो जड होतो आणि कोसळायची भीती वाढते. एवढं सगळं मान्य. पण एक्सवेलँड ह्या पुलावरून येणाऱ्या एक्सच्या जुन्या ॲपना त्यांनाही चौकट काढून द्यावीच लागते, म्हणजे सोय घरात आहे, द्यायची नाही एवढंच ठरलंय. त्याचा भार पडतो कोणावर? जीटीके किंवा क्यूटीवर बांधलेल्यांवर नाही, त्यांचं टूलकिट सांभाळून घेतं (क्यूटीची पट्टी ग्नोममध्ये बराच काळ परक्या घरच्या पाहुण्यासारखी दिसायची, तो भाग वेगळा). भार पडतो टूलकिट नसलेल्यांवर: खेळ, एम्युलेटर, व्हिडिओ प्लेअर, छोटे टर्मिनल. ह्यांना फक्त एक कोरा चौकोन हवा असतो. ग्नोमवर एमपीव्हीने व्हिडिओ लावला तर भोवती चौकटच नाही, नुसतं चित्र तरंगतंय, असं कितीतरी जणांनी पाहिलंय. अशांसाठी लिबडेकोर नावाची लायब्ररी निघाली. ती ॲपच्या वतीने पट्टी काढते. खेळांना लागणाऱ्या एसडीएल लायब्ररीने ती घेतली, म्हणून बरेच खेळ सावरले. पण बघ, एका कंपोझिटरने जे काम टाळलं ते शेकडो छोट्या प्रोग्रामांच्या दारात जाऊन पडलं. आणि त्यातल्या एखाद्याने लिबडेकोरचीही दगदग नको म्हणून अक्षरामागे अक्षर ठेवणारी बारीकशी फॉन्ट लायब्ररी घेऊन नाव काढलं, की आपला ‘विद्यार्थी’ पुन्हा हाडं सुटी होऊन पट्टीवर पडला. केव्हाच मिटलेलं दुखणं प्रत्येकाच्या कोडमध्ये नव्याने.

आपल्या सोसायटीच्या बाल्कन्यांना प्रत्येकाने आपापल्या आवडीची बॉक्स ग्रिल ठोकली आहे, ते तुला माहीत आहे. दिसायला विद्रूप आहे म्हणून दर सभेत तक्रार होते, त्याचं मला काही नाही. माझी तक्रार अशी की कित्येक ग्रिलना बाहेरून उघडणारा दरवाजाच नाही. आग लागली आणि आतला माणूस बेशुद्ध असला तर शिडीवरून आलेल्या माणसाने करायचं काय? ग्रिल ज्याची त्याची असू दे, पण कडी बाहेरूनही निघायला हवी.

विंडोच्या बाबतीत ही कडी कुठे आहे ते आता बघू. वेलँडमध्ये ॲप स्वतःला सरकवू शकत नाही. पडद्यावर आपण कुठे आहोत हेही त्याला कळत नाही. तू त्याची पट्टी धरून ओढलीस की ते कंपोझिटरला विनंती करतं, ह्या क्लिकच्या आधारे मला हलव. प्रत्यक्ष हलवतो कंपोझिटर. मिनिमाइझ, मॅक्सिमाइझ, ह्याही विनंत्याच. म्हणजे ॲपने पट्टी काढली तरी सत्ता त्याच्याकडे गेलेली नाही. गेलाय तो कान. कंपोझिटर क्लिक जसाच्या तसा ॲपकडे पाठवतो, त्याचा अर्थ ॲपलाच कळतो, आणि ॲप बहिरं झालं असेल तर विनंती निघतच नाही. क्रॉसचं तर त्याहून वाईट: ॲपच्या पट्टीवरच्या क्रॉसचा क्लिक संपूर्णपणे आतच जिरतो, तो क्रॉसवर पडला हे कंपोझिटरला कळतच नाही.

विंडोजने हा प्रश्न कसा सोडवलाय ते बघ, शिकण्यासारखं आहे. ॲपने पाच सेकंद निरोप उचलले नाहीत की सिस्टिम त्याची विंडो झाकून तिच्या जागी हुबेहूब तशीच एक नकली विंडो ठेवते. नावापुढे ‘उत्तर देत नाही’ असं येतं, चित्र फिकट पडतं, आणि पट्टी सिस्टिमच्या हाती आलेली असल्यामुळे सरकवणं, पाडणं, बंद करणं सगळं चालतं. पट्टी आधी कोणी काढली होती ह्याने काही फरक पडत नाही. ग्नोमकडेही पिंग आहे, उत्तर न देणाऱ्या ॲपवर तेही डायलॉग आणतात, सुपर की दाबून माउसने विंडो कुठूनही धरून हलवता येते. म्हणजे बाहेरून कडी त्यांनीही ठेवली आहे. फक्त ती कुठे आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक हवं, आणि तुझ्या बाबांना तरी ते ठाऊक नाही. ते क्रॉसवर क्लिक करत बसतात.

आणखी एक उदाहरण, माझ्या आवडीचं. पोलंडच्या जोआना रुत्कोव्स्का ह्यांनी क्यूब्स ओएस उभी केली, तिची पहिली आवृत्ती 2012 ची. तिच्यात प्रत्येक कामासाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन असतं, बँकेचं निराळं, भटकायचं निराळं, आणि सगळ्यांच्या विंडो एकाच पडद्यावर येतात. कुठली विंडो कुठल्या मशीनची हे ओळखायचं कसं? चौकटीच्या रंगाने. ही रंगीत चौकट त्या मशीनच्या आतला कुठलाच प्रोग्राम काढत नाही, ती विश्वासातल्या मुख्य भागाचा विंडो मॅनेजर काढतो. आतल्या एखाद्या लबाडाने बँकेची हुबेहूब पट्टी काढली तरी तिच्याबाहेर खऱ्या रंगाची कड राहतेच. तिथे ॲपला चौकट काढू दिली तर सगळी सुरक्षा कोलमडेल. चौकट म्हणजे सजावट, असं समजणाऱ्या तुझ्या मित्राला हे जरूर वाचायला दे.

आता कौल. तुमच्या कंपोझिटरने पट्टी काढावी, ही माझी सूचना. सक्तीने नाही. एक्सडीजी-डेकोरेशन द्या, जे ॲप म्हणेल ‘मी काढेन’ त्याला काढू द्या, त्याच्या हेडरबारवर दुसरी पट्टी चढवू नका, दोन मजली विंडो फार वाईट दिसते. जे पट्टी मागेल किंवा विचारून निवड तुमच्यावर सोडेल त्याला तुम्ही काढून द्या. नाव पँगोतूनच काढा, हातचलाखी नको. आणि पट्टी कोणाचीही असो, पिंग, सुपर-ओढ आणि सक्तीने बंद करणं हे सगळं सगळ्या विंडोंवर सारखं चालायला हवं. पट्टीच्या रंगावर दोन आठवडे घालवण्यापेक्षा ह्यावर दोन दिवस घाला. परीक्षकही ह्याबद्दलच विचारतील, निदान मी तरी विचारलं असतं.

डेमोआधी दोन गोष्टी करून बघा. एखाद्या विंडोला भलं लांब मराठी नाव द्या, रफार-वेलांट्यांनी भरलेलं, आणि विंडो अरुंद करत जा. नाव कापलं जाताना अक्षराच्या मधोमध कापलं जातंय का ते बघा. दुसरी चाचणी: स्वतःची पट्टी काढणारा एखादा प्रोग्राम आणि तुमची पट्टी घेतलेला एखादा, दोन्ही उघडा, टर्मिनलवरून दोघांना स्टॉप सिग्नल पाठवून गोठवा. मग दोघांच्या क्रॉसवर क्लिक करा, दोघांना ओढून बाजूला न्यायचा प्रयत्न करा, आणि काय झालं ते मला लिही. पहिल्याच्या क्रॉसवर काहीच झालं नाही तर किती वेळाने तुमचा कंपोझिटर जागा होतो, तेही.

तुझी,
आत्या